नोकरी सोडून चॉपर बनवू का?

पत्र (थोडं छोटं करून): "मॅडम नमस्कार. मी डोळ्यांची सर्जन, वय ३३. एमएस होऊन पाच वर्षं झाली, फेकोची (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून छोट्या चिरेतून काढायच्या ऑपरेशनची) फेलोशिप केली, सध्या नवी मुंबईतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आहे. आमच्याकडे शहापूर-मोखाड्याकडून कॅम्पचे पेशंट येतात, त्यांचे मोतीबिंदू एकदम पिकलेले, ब्राऊन, दगडासारखे. नेहमीच्या चॉपरने, म्हणजे मोतीबिंदूचे तुकडे करायच्या बारीक अवजाराने, वर भेग पडते पण खालचा चिवट थर काही सुटत नाही. म्हणून ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूमवाल्या काकांकडून मी माझ्या डिझाइनचा चॉपर बनवून घेतला, टोक जरा लांब आणि पाठ बोथट. दोन पेशंटमध्ये वापरून बघितला, मस्त चालला. आता आमचे सर म्हणतायत पेटंट हॉस्पिटलच्या नावाने करू आणि शोध लावणाऱ्यांत पहिलं नाव त्यांचं. नवरा म्हणतो नोकरी सोड, दोन वर्षं मी घर चालवतो, तू पूर्णवेळ हेच कर. बाबा म्हणतात आधी सीवूड्सला क्लिनिक टाक, हे खेळ नंतर. पुढच्या महिन्यात कॉन्फरन्स आहे, तिथे व्हिडिओ दाखवायचा विचार आहे. काय करू? – नेरुळची एक डॉक्टर"

अगं डॉक्टर, तुझे चारही प्रश्न नंतर. आधी ती एक ओळ, जी तू अशी सहज लिहून गेलीस जणू नवीन मिक्सरमध्ये चटणी वाटून बघितली. "दोन पेशंटमध्ये वापरून बघितला." कोणाला विचारून? एथिक्स कमिटीला? पेशंटला? मोखाड्याहून हॉस्पिटलच्या गाडीतून आलेली आजी कागदावर अंगठा देते तो ऑपरेशनसाठी देते, टूलरूममधून कालच आलेल्या अवजारासाठी नाही. लेन्सच्या मागच्या कॅप्सूलची, म्हणजे पातळ पिशवीची, जाडी मधोमध साधारण चार मायक्रॉन, हे मी तुला सांगायला नको, आणि कापलेल्या धातूवर राहिलेली एखादी कंगोऱ्याची कड, जी काकांच्या भिंगातून दिसतही नाही, ती तिथे करवतीचं काम करते. मस्त चालला कारण तुझा हात चांगला आहे आणि नशीब बरं होतं. तिसऱ्या वेळेला दोन्हीपैकी एक नसतं.

तर या आठवड्यात पहिलं काम, त्या दोघांना फॉलोअपला बोलाव, डोळा नीट तपास, आणि केस पेपरवर काय वापरलं ते खरं खरं लिहून ठेव. नंतर सरांना सांग. ओरडतील, ऐकून घे. यापुढे कमिटीची परवानगी आणि पेशंटला त्याच्या भाषेत समजावून घेतलेली लेखी संमती असल्याशिवाय तो चॉपर ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारातून आत न्यायचा नाही, आणि डिव्हाइस खरंच नवीन ठरलं तर सीडीएससीओकडून, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडून, क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशनची परवानगीपण लागते. झालं, ओरडून झालं. आता चहा घे.

आता अभिनंदन. खरंच. कारण तुझी अडचण खोटी नाहीये. ब्राऊन मोतीबिंदूचा तो खालचा चामड्यासारखा थर, वरून वाटतं दोन तुकडे झाले, वेगळे करायला जावं तर खाली धागे ताणलेलेच, चिकूच्या फोडी करताना सालीने एकमेकींना धरून ठेवाव्यात तसे. यावर गेली तीस-चाळीस वर्षं जगभरची माणसं डोकं चालवतायत. तू जो चॉपर हातात धरतेस तो मुळात जपानच्या नागाहारांनी १९९३ मध्ये दाखवला, लाकूड फोडतात तसं न्यूक्लियस, म्हणजे लेन्सचा कडक गाभा, त्याच्या रेषांच्या दिशेने फोडायचं, एवढीच साधी कल्पना. त्याच्या आधी लोक खणत बसायचे. म्हणजे लाकूडफोड्या सगळ्यांनी बघितलेला होता, पण रोज ऑपरेशन करणाऱ्याच्या डोक्यात ती कुऱ्हाड आणि हे न्यूक्लियस शेजारी शेजारी आले.

आणि म्हणूनच, नवऱ्याचं मन मोठं आहे, त्याला माझ्याकडून थँक्यू सांग, पण नोकरी सोडू नकोस.

अगं, तुला ही कल्पना सुचली कुठे? घरी सोफ्यावर? नाही ना. शुक्रवारच्या लिस्टला नववी केस, पाठ अवघडलेली, सिस्टर घड्याळाकडे बघतेय आणि तो थर सुटत नाहीये, तिथे सुचली. चार्ल्स केलमनचं बघ, फेकोचा बाप माणूस, मोतीबिंदू छोट्या चिरेतून कसा काढायचा यावर पैसे मिळवून अनेक प्रयोग केले, सगळे फसले, आणि शेवटी उत्तर मिळालं दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, दात साफ करायच्या अल्ट्रासाउंडच्या अवजारात. ही गोष्ट आपण सगळे स्टाइलमध्ये सांगतो, पण त्यातली गोम अशी की त्या खुर्चीत हजारो लोक बसले होते आणि त्यांना फक्त दात साफ झाल्यासारखं वाटलं. केलमनच्या डोक्यात अडचण आधीपासून कुरतडत होती. आणि १९६७ ची पहिली केस काही ग्रेट गेली नव्हती बरं का, त्यानंतरही तो बरीच वर्षं मशीन सुधारत होता आणि लोक नाकं मुरडत होते. (तो सॅक्सोफोनपण वाजवायचा. तुझं काय आहे, गाणं वगैरे? असू दे काहीतरी.)

नेपाळमध्ये लहान नावाचं गाव आहे, तिथे आल्ब्रेख्त हेनिग नावाच्या डॉक्टरांनी ३० नंबरची सुई टोकाला गळासारखी वाकवली आणि त्या गळाने अख्खं न्यूक्लियस बाहेर ओढायला सुरुवात केली. सुई! किंमत काय तिची? कारण त्यांच्याकडे ढिगाने पेशंट आणि सगळे असेच पिकलेले. कोलकात्याच्या डॉ. सुवेन भट्टाचार्जींनी लहान बाहुली मोठी धरून ठेवायला षटकोनी रिंग केली, ती सुरुवातीला आपल्याच टाक्याच्या नायलॉनची, ५-० ची. डॉ. सुनीता अगरवाल यांनी तर माशांच्या टाकीतला हवेचा पंप सलाइनच्या बाटलीला जोडला, का तर ऑपरेशन चालू असताना चेंबर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागातली पोकळी, खाली बसू नये. यातलं कोणीही नोकरी-प्रॅक्टिस सोडून शोध लावायला बसलं नव्हतं. अडचण रोज समोर येत होती म्हणून रोज थोडं थोडं बदलता आलं.

बाबांच्या म्हणण्यात दम आहे, पैशाचं तेच खरं बोलतायत. पण सीवूड्सच्या क्लिनिकला ब्राऊन मोतीबिंदू कुठून आणणार तू? तिथे लोक मोतीबिंदू पिकायच्या आत येतात, रात्री गाडी चालवताना समोरचे लाइट फाकतात म्हणून येतात, लोण्यासारखी केस असते. छान प्रॅक्टिस आहे ती, वाईट काही नाही त्यात, पण मायक्रोस्कोप आणि फेको मशीनचा ईएमआय डोक्यावर घेऊन बसलीस की लोण्यासाठी कोणी चॉपर बनवत नाही. निदान दोन वर्षं ट्रस्टमध्येच राहा. सरांकडून आठवड्याचा एक दिवस मागून घे, पगार थोडा कापला तरी चालेल, तो बुधवार चॉपरचा. नवऱ्याला सांग दोन वर्षं घर चालवू नकोस, बुधवारचा स्वयंपाक कर.

आता कॉन्फरन्स. व्हिडिओ अजिबात दाखवायचा नाही, आधी पेटंटचा अर्ज. अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवला असशील तर तोपण मागे घे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बॅचच्या ग्रुपमध्ये फोटो टाकला असशील तर मला सांगूच नकोस, माझं बीपी वाढेल. एकदा जाहीर केलं की नवेपणा गेला, कायद्यात थोड्या सवलती आहेत पण त्यांच्या भरवशावर राहू नये. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज कर, ऑनलाइन, स्वतःच्या नावाने केलास तर फी १६०० रुपये, नेरुळहून अँटॉप हिलच्या ऑफिसला खेटे घालायची पण गरज नाही. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा, त्याला मात्र चांगला पेटंट एजंट घे, तिथे कंजूसपणा नको. आणि एक लक्षात ठेव, आपल्याकडे ऑपरेशनच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, कलम ३ (आय) बघ, अवजाराला मिळतं. म्हणजे "मी असा चॉप करते" हे नाही, "टोकाचा आकार असा आहे" हे.

पण त्याच्याही आधी दोन संध्याकाळी बसून पेटंट ऑफिसच्या साइटवर आणि गूगल पेटंट्सवर शोध. स्पष्ट बोलते, लांब टोकाचे चॉपर कडक मोतीबिंदूसाठी आधीपासून मिळतात. तुझं नुसतं लांब टोक असेल तर ते नवीन नाही. ती बोथट पाठ, जी म्हणे कॅप्सूलला सांभाळते, त्यात काहीतरी असू शकेल. काय आहे ते तुलाच शोधावं लागेल आणि एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

मी हे इतकं का सांगतेय तर माझं पोळलंय. ९८-९९ ची गोष्ट, मी तेव्हा ठाण्यात एसआयसीएस (फेको मशीनशिवाय छोट्या चिरेतून मोतीबिंदू काढायचं ऑपरेशन) भरपूर करायचे, आणि व्हेक्टिसला, म्हणजे न्यूक्लियस बाहेर काढायच्या चमच्यासारख्या अवजाराला, मी थोडा वेगळा बाक दिला होता आणि पाण्याची भोकं खालून कडेला घेतली होती. छोटंसं काम, पण मनासारखं झालेलं. कॉन्फरन्समधल्या एका स्टॉलवाल्याला कौतुकाने दाखवलं, त्याने "मॅडम सॅम्पल ठेवून जा, आमच्या लोकांना दाखवतो" म्हटलं आणि मी ठेवून आले, वर त्याने दिलेला पेढापण खाल्ला. पुढच्या वर्षी त्यांच्या कॅटलॉगमध्ये मॉडेल नंबरसकट. नाव सांगत नाही, सांगून काय मिळणार, माझ्याकडे कागद एकही नव्हता. मजा म्हणजे त्यांनी तो बाक चुकीचा कॉपी केला होता, तो चालायचाच नाही, आणि दोन-तीन ओळखीचे डॉक्टर मला येऊन म्हणाले अगं तुझ्यासारखाच व्हेक्टिस घेतला, बेकार आहे. म्हणजे चोरी झाली ती झाली, वर बदनामी पण माझीच.

सरांचं प्रकरण नाजूक आहे. आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाच, त्यात नोकरीत असताना लावलेल्या शोधांबद्दल काही ओळ आहे का ते बघ, असेल तर पेटंटचा मालक म्हणून हॉस्पिटलचं नाव येणं रास्त आहे, त्यावर भांडू नकोस. मग अर्ज हॉस्पिटलच्या नावाने जाईल, फी जास्त पडेल, भरू दे त्यांना. पण अर्जदार वेगळा आणि शोध लावणारा वेगळा. शोध लावणाऱ्यांत नाव ज्याने डोकं चालवलं त्याचंच, आणि सरांनी ओटी दिली, पेशंट दिले, पाठीवर थाप दिली, ते सगळं मोठं आहे पण तो शोध नाही. हे त्यांना भर ओपीडीत सांगू नकोस, संध्याकाळी निवांत वेळ बघून सांग, आणि त्याच वेळी पुढे जो अभ्यास करायचाय, कमिटीची परवानगी घेऊन, त्याच्या पेपरमध्ये प्रमुख नाव तुमचं असेल सर, हे स्वतःहून दे. तुला त्यांची गरज आहे, कमिटी त्यांच्या ओळखीने लवकर बसेल. थोडं राजकारण शिक गं, फेलोशिपला हे शिकवत नाहीत.

आणि काका? टोकाची पाठ बोथट ठेवायची आयडिया तुझी की काकांची? नीट आठव. त्यांची असेल तर अर्जात त्यांचंही नाव आलं पाहिजे. नसेल तर निदान एका साध्या कागदावर लिहून घे की हे डिझाइन तुझं, ते बाहेर कोणाला देणार नाहीत, आणि त्यांना मजुरी वेळेवर दे. या लोकांवर आपण फार फुकटात जगतो. माझे एक मशीनवाले होते, वागळेतच, रोड नंबर बावीसच्या बाजूला पत्र्याची शेड, मूळ काम पेनच्या रिफिलच्या डाय बनवण्याचं. दोन वेळा त्यांनी केलेलं टोक मी परत केलं, कड राहिलीये म्हणून, तिसऱ्यांदा ते वैतागले, म्हणाले मॅडम कुठे आहे कड, मला दाखवा. रविवारी क्लिनिकला बोलावलं आणि मायक्रोस्कोपखाली टोक ठेवून बघायला लावलं. बराच वेळ बघितलं त्यांनी, काही बोलले नाहीत. मग म्हणाले हे तर नांगराच्या फाळासारखं दिसतंय. मंगळवारी परत आले, काडेपेटीच्या काडीला पॉलिशची पेस्ट लावून तासनतास घासून आणलेलं, आरशासारखं, पैसे वाढवून मागितले नाहीत. तुझ्या काकांना एकदा मायक्रोस्कोपखाली बघू दे. त्याने जेवढं काम होतं तेवढं ड्रॉइंगने होत नाही.

धातू कोणता वापरलाय तेपण लिहिलं नाहीस. स्टील असेल तर कुठल्या ग्रेडचं, की टायटॅनियम? टायटॅनियम हलकं, गंजत नाही, चुंबकाला धरत नाही, पण महाग आणि पातळ टोकाला पटकन वाकतं. आणि तुझा चॉपर सिस्टरला दाखव, जी अवजारं धुते तिला, ती दोन मिनिटांत सांगेल की बोथट पाठीच्या खाचेत घाण अडकणार आहे का. ऑटोक्लेव्हमध्ये १३४ डिग्रीला पन्नास-शंभर वेळा घालून काढ आणि मग परत मायक्रोस्कोपखाली बघ. ज्या फटीत ब्रश जात नाही ती फट डिझाइनमधून काढून टाक, कितीही आवडती असली तरी.

सराव बोकडाच्या डोळ्यावर. नेरुळच्या मटणवाल्याला सकाळी लवकर सांगून ठेव, देतात ते. पण बोकडाची लेन्स मऊ, तुझ्या कामाची नाही, ती कडक करायला लोक फॉर्मलिन टोचतात नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद फिरवतात. घरच्या मायक्रोवेव्हमध्ये करू नकोस. मी एकदा केलंय. सासूबाईंनी श्रावण संपेपर्यंत त्यात दूधसुद्धा गरम केलं नाही, आणि तो श्रावण सुरू व्हायला तेव्हा दोन महिने होते.

आता मला खरं काय म्हणायचंय ते. तुझा चॉपर तुझ्या हातात चालला याला काहीच अर्थ नाही. आठवतंय का रेसिडेन्सीत पहिल्या वर्षी सिस्टोटोम, म्हणजे लेन्सची पिशवी उघडायची सुई, वाकवायला शिकवतात, २६ नंबरची सुई घ्यायची, नीडल होल्डरने टोक एकदा नव्वदला वाकवायचं, मग मुळाशी उलट्या बाजूला थोडं. प्रत्येकाचा बाक वेगळा. तुझ्या सुईने मला ऱ्हेक्सिस (पिशवीला गोल तोंड पाडणं) येणार नाही आणि माझ्या सुईने तुला. आपण सगळे तसे शोध लावणारेच आहोत, रोज एक सुई वाकवतो आणि संध्याकाळी फेकून देतो. त्या सुईचं अवजार कधी होतं? दुसऱ्याच्या हातात गेलं आणि तरी चाललं की. सुश्रुताने एकशे एक यंत्रं सांगितली, सिंहाच्या तोंडाची, कावळ्याच्या तोंडाची, आणि सांगितलं की यात मुख्य यंत्र हात. तो कोणाचा हात हे काही त्याने लिहिलं नाही.

म्हणून बोकडाच्या डोळ्यावर तुझा चॉपर पाच जणांना दे. एक तुझ्याहून सीनियर, एक दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, एक डावखुरा असेल तर उत्तमच, एक जाड बोटांचा. आणि काही समजावून सांगू नकोस, कसा धरायचा, कुठून घालायचा, काहीच नाही. तोंडाला कुलूप लावून बाजूला उभी राहा आणि बघ. तीन जण जर तो उलटा धरत असतील तर ते मूर्ख नाहीत, तुझं हँडल चुकलंय. खूप जड जाईल तुला हे, मला अजून जड जातं, मी व्हेक्टिस दुसऱ्याच्या हातात बघितला की हात शिवशिवतात. त्यांनी केलेल्या चुका एका वहीत लिही, ती वही पुढे पेटंटलाही उपयोगी पडते आणि कमिटीलाही.

हे झालं की आयआयटी मुंबईत बेटिक आहे ना, वैद्यकीय उपकरणं घडवणारं केंद्र, तिथे जा. २०१४ पासून हेच काम करतायत, डॉक्टर अडचण घेऊन येतो आणि इंजिनियर मंडळी बसतात त्याच्याबरोबर. पवई नेरुळहून काही लांब नाही, ऐरोलीचा पूल घेतलास की पोचलीस, ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे बुधवारी सकाळी सातला. रॉबर्ट माकेमरनी १९७० मध्ये डोळ्याच्या आतलं जेल काढायचं ऑपरेशन उभं केलं त्यात त्यांच्याबरोबर पारेल नावाचे इंजिनियर होते, एकट्याने नाही केलं. पैशासाठी बायरॅकची, म्हणजे बायोटेकमधल्या नव्या कल्पनांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेची, बिग ग्रँट आहे, ५० लाखांपर्यंत, पण एका चॉपरवर ती मिळेल असं मला वाटत नाही, कडक मोतीबिंदूसाठी पूर्ण सेट मांडलास तर बघता येईल. विकायची वेळ आली तर स्वतः कारखाना टाकू नकोस. साधी हाताने वापरायची अवजारं बहुतेक ए वर्गात (सगळ्यात कमी धोक्याच्या) येतात, नियम त्या मानाने हलके, तरी रजिस्ट्रेशन, क्वालिटी सिस्टिम, तक्रारी, हे सगळं ज्याच्याकडे आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांच्या दर्जाचं प्रमाणपत्र) आहे अशा बनवणाऱ्याला लायसन्सवर दे.

आणि यात पैसा किती? फार नाही. चॉपरची किंमत काही हजारांत आणि नीट वापरला तर वर्षानुवर्षं टिकतो, एकदा घेतलेला डॉक्टर परत कशाला येईल. घोडबंदरला फ्लॅट होईल या हिशोबाने करत असशील तर बाबांचं ऐक आणि क्लिनिक टाक. माझ्या अवजारांच्या ट्रेमध्ये बघ, सिन्स्की, उट्राटा, व्हॅनास, नागाहारा, आडनावंच आडनावं, एकही आपल्याकडचं नाही, तुझं आलं तर मला बरं वाटेल हे कबूल करते. पण त्यासाठीही घाई नको.

अर्ज भरून झाला की पत्त्यासाठी सदराच्या ईमेलवर कळव. शनिवारी दीडला माझी ओपीडी संपते, नौपाड्यातच असते. चॉपर घेऊन ये, मी काही न विचारता बोकडाच्या डोळ्यावर वापरून बघते, तू गप्प उभी राहायचंस. डबीत घालून आण, टोकाला सिलिकॉनची नळी लावून, पर्समध्ये सुटा टाकून आणलास तर ठाणे स्टेशनच्या जिन्यातच वाकेल.